निळा रंग आणि एक सबब

परवा आत्याकडे गेले होते. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली, आजार परतलेला नाही, सगळं छान आहे. फक्त उजव्या हातात बांगड्या चढत नाहीत. हात सुजून जड होतो, म्हणून दिवसभर ती घट्ट बाही घालून बसते. "जीव वाचला ना, मग हाताचं काय एवढं," असं वर तीच मला समजावते!

मला मात्र राग आलाय. कॅन्सरवर नाही, तेव्हा हॉस्पिटलात ऐकवलेल्या एका वाक्यावर. "आमच्याकडे गामा प्रोब नाही, त्यामुळे काखेतल्या सगळ्या गाठी काढाव्या लागतील." तपासणीत किंवा सोनोग्राफीत काखेत काहीच संशयास्पद नव्हतं. आम्ही माना डोलावल्या. नंतर रिपोर्ट आला, एकाही गाठीत कॅन्सर नव्हता.

स्तनातून निघालेला कॅन्सर बहुधा आधी काखेतल्या पहिल्या एक-दोन लसिकाग्रंथींत पोचतो. त्यांना सेंटिनल नोड म्हणतात, म्हणजे पहारेकरी. स्तनात रंग किंवा ट्रेसर टोचला की तो त्याच वाटेने तिथे जातो. तेवढ्याच ग्रंथी काढून तपासायच्या. त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. अमेरिकेत क्रॅग यांनी १९९३ साली किरणोत्सारी ट्रेसर वापरून आणि जुलियानो यांनी १९९४ साली निळा रंग वापरून हे दाखवलं. ५,६११ बायकांवरच्या बी-३२ चाचणीचे निकाल २०१० साली आले. सेंटिनल नोड स्वच्छ असेल तर सगळ्या गाठी काढून आयुष्य वाढत नाही, हे त्यात दिसलं. हाताला सूज मात्र सगळ्या काढल्यावर साधारण पाचातल्या एकीला येते, सेंटिनल नोडपुरतं थांबलं तर विसातल्या एकीला.

आता सबबीकडे वळू. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, त्यासाठी न्यूक्लियर मेडिसिन विभाग लागतो. तो गावोगावी नसतो, कबूल. पण मिथिलीन ब्लू? १८७६ साली कापड रंगवायला बनवलेला हा रंग. स्वस्त आहे, आणि त्याला ना गामा प्रोब लागतो ना महागडा कॅमेरा. डोळ्यांना दिसतो!

डॉक्टर मंडळी म्हणतील, नुसत्या निळ्या रंगाने काही वेळा नोड सापडत नाही, दोन ट्रेसर एकत्र वापरणं चांगलं. बरोबर आहे, आधी केमो झाली असेल तर फारच. रंग कातडीत उथळ टोचला तर कातडी मरू शकते. नैराश्याच्या काही गोळ्यांशी त्याचं पटत नाही. सर्जनला सराव लागतो, हेही मान्य. पण ही सगळी कारणं काळजी घेण्याची आहेत, काख रिकामी करण्याची नाहीत. नोड सापडला नाही तर काय, याचंही उत्तर मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी काखेतल्या फक्त खालच्या भागातल्या ग्रंथी काढून तपासायची पद्धत सेंटिनल नोडशी ताडून पाहिली. ती तोडीस तोड ठरल्याचं २०१३ साली प्रसिद्धही झालं. त्याला रंगसुद्धा लागत नाही!

म्हणजे कमी होतं ते यंत्र नव्हतं. "हे आम्हाला जमत नाही, अमुक ठिकाणी जमतं, तिकडे जा," एवढं म्हणायची तयारी कमी होती. तेवढं कुणी म्हटलं असतं तर आम्ही एसटीने गेलो असतो.

तर बायांनो, आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या भाऊ-नवरे-मुलांनो, काखेत गाठ लागत नसेल तर सही करण्याआधी विचारा. सेंटिनल नोड का नाही? निळा रंग का नाही? इथे होत नसेल तर कुठे होतं? आम्ही विचारलं नाही, आम्हाला ठाऊकच नव्हतं.

असो. आत्या, हे वाचलंस तर रागावू नकोस. हाताचं एवढं आहे गं.