तिकडे लढाई, इकडे भाव



लढाई परमुलखात चालते, तिची झळ आपल्या चुलीला कशी लागेल, असे पुष्कळांना वाटते. म्हणून आज युक्रेनच्या धान्याची हकीकत सांगतो.

युक्रेनची जमीन काळीभोर नि सकस. तिथला गहू, मका आणि सूर्यफुलाचे तेल ओडेसासारख्या बंदरांतून काळ्या समुद्रामार्गे जगभर जाते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने चढाई केली आणि ही बंदरे बंद पडली. दोन कोटी टनांहून अधिक धान्य अडकून राहिले. माल होता, वाट नव्हती. आगगाडीने धाडावे, तर तिथले रूळ शेजारच्या पोलंडपेक्षा रुंद. सरहद्दीवर माल उतरवून पुन्हा भरणे आले. इजिप्त, लेबनॉन यांसारख्या देशांची भाकरी या गव्हावर अवलंबून. मार्च २०२२ मध्ये जगातल्या अन्नाच्या भावांनी उच्चांक गाठला.

जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला करार झाला. १ ऑगस्टला सुमारे २६ हजार टन मका घेऊन पहिले जहाज निघाले. वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडले. जुलै २०२३ मध्ये रशियाने करारातून अंग काढून घेतले.

आता आपल्याकडे पाहा. सूर्यफुलाचे तेल आपण बरेचसे युक्रेनमधूनच आणत होतो, डबा महागला. पोटॅश परदेशचे, त्यात रशिया-बेलारूसचा वाटा मोठा, गोणी महागली. गव्हाला व्यापारी २०१५ रुपये क्विंटल या हमीभावाहून जास्त देऊ लागले खरे; पण उन्हाच्या तडाख्याने पीक घटले आणि १३ मे २०२२ रोजी सरकारने निर्यात बंद केली. निर्यातीच्या आशेवर माल धरून बसलेल्यांना तिथेच खीळ बसली.

म्हणजे महागाई आपल्या खर्चात हमखास येते, उत्पन्नात येईलच असे नाही. तेव्हा लढाईच्या बातमीवर पेरा ठरवू नका. वर्षाची बेगमी आधी कणगीत घाला, मग बाजार गाठा. माती तपासून लागेल तेवढेच खत द्या. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत यांची वाट कुठलेही आरमार अडवीत नाही. रब्बीत चार ओळी करडईच्या टाका. घरच्या तेलाला तेवढाच आधार होईल.