शिल्लक शून्य

कॉमर्सचा पदवीधर असूनही मी स्वस्त प्रिंटर घेतला. तो स्वस्त का, हे शाईची डबी विकत घ्यायला गेलो तेव्हा कळले. डबी कसली, कानात घालायच्या औषधाएवढी शाई! किंमत मात्र अशी, की प्रिंटर त्यांनी मला वरकडीलाच दिला असावा.

मग मी शाईच्या बाटल्या आणि सिरिंज आणली, जुन्या पेपरवर बैठक मारली आणि डबी काठोकाठ भरली. "अहो, त्या निळ्या हातांनी देवाला शिवू नका," असे सौ.ने बजावले. डबी बसवली. प्रिंटर म्हणाला, शाई संपली!

इथे माझ्यातला कारकून खवळला. त्या डबीवर एक चिप असते. ती शाई बघतच नाही. थेंब किती उडाले याचा हिशेब तेवढा ठेवते. हिशेब संपला की शाई संपली. कोऱ्या डबीच्या बाबतीतही तेच. तळाशी शाई असतानाच ती हात वर करते. आमच्याकडे संध्याकाळी रोकड मोजल्याशिवाय कॅशियरला घरी जाता येत नाही. "पेटीत नोटा आहेत, पण वहीत शून्य आहे, तेव्हा पेटी रिकामी," असे तो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडेल. चिपला मेमो कोण देणार?

आणखी ऐका. अर्ज काळ्या अक्षरांत छापायचा, तर पिवळी संपली म्हणून यंत्राचा संप! म्हणजे जोशांच्या खात्यात पैसे नाहीत म्हणून कुलकर्ण्यांचा चेक परत करायचा.

कंपनी म्हणते, बाहेरच्या शाईने छिद्रे तुंबतात. तुंबतात, कबूल. छिद्रे केसाहून बारीक असतात आणि वाईट शाईने माझीही एकदा तुंबली. पण प्रिंटर माझा, तुंबला तर माझा तुंबेल! हवे तर वॉरंटीतून हात काढून घ्या, कुलूप कशाला लावता? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली लेक्समार्कच्या टोनरच्या डब्यांच्या खटल्यात सांगितले, की माल विकला की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला; डबी भरून विकणाऱ्याला पेटंट दाखवून अडवता येणार नाही. नऊ न्यायमूर्तींच्या कोर्टाला हे उमगले, नखाएवढ्या चिपला अजून उमगायचे आहे.

गंमत म्हणजे आता कंपन्याच टाकीचे प्रिंटर विकतात आणि "बाटलीने घरी शाई ओता" म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकाला शाई ओतता येते, हे त्यांना ठाऊक आहे तर! कंपनीने सांगून ओतली तर सोय, आम्ही आपणहून ओतली तर गुन्हा.

त्या दिवशी मुलीचा अर्ज शेवटी मी शाईच्या पेनाने लिहून दिला. शाळेत असल्यापासून मी त्या पेनात मिळेल ती शाई ड्रॉपरने घालत आलो आहे. शाई असेपर्यंत ते उमटते, संपली की थांबते. मधल्या काळात खोटे बोलत नाही.