विश्लेषण : ग्राइंडरचे गार्ड काढणे हा निव्वळ मूर्खपणा आहे का?

कुणाचा शर्ट ड्रिल मशीनमध्ये गुंडाळला जातो, कुणी मांडीवर पाइप धरून कापतो, कुणाच्या हातातला ग्राइंडर उसळून भिंतीवर आदळतो. ‘मूर्खपणाचा कळस’ अशा मथळ्याचे हे रील्स बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेलेले असतात. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग असते. हसणाऱ्यांपैकी एखाद्याच्या घरी त्याच आठवड्यात ग्रिलचे किंवा फर्निचरचे काम सुरू असते आणि तिथल्या ग्राइंडरलाही गार्ड नसते. असे अपघात फक्त अडाणी किंवा नवशिक्यांना होतात, ही समजूत सोयीची असली तरी खरी नाही. वीस वर्षे काम केलेल्या मिस्त्रींचीही बोटे गेलेली असतात. कारणे ठरलेली असतात आणि त्यातली बहुतेक आधीच दिसत असतात.

गार्ड काढतात तरी का?

ग्राइंडर विकत घेताना खोक्यात तीन वस्तू मिळतात : चकतीभोवती बसणारे अर्धगोल गार्ड, बाजूला लावायची मूठ आणि चकती घट्ट करायची चावी. कामाच्या जागी यातली फक्त चावी दिसते. गार्डमुळे कापायची रेघ नीट दिसत नाही, कोपऱ्यात मशीन शिरत नाही, काप पुरेसा खोल जात नाही. शिवाय गार्ड असले की ठरावीक मापाच्या चकतीपेक्षा मोठी चकती बसत नाही. म्हणजे ते कामात खरोखरच आडवे येते. ते ज्याला काढावेसे वाटते, त्याला वेड्यात काढून उपयोग नाही.

पण ते आडवे का येते, हेही आकड्यांत पाहावे. चार इंची चकती मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना घालून दिलेल्या १०० च्या मर्यादेच्या हा दुप्पट वेग, आणि तोही चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर. चकतीवर कमाल वेग छापलेला असतो. धातू कापायच्या नेहमीच्या चकतीसाठी तो सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर असतो. सात इंची चकतीवर म्हणूनच मिनिटाला ८,५०० फेऱ्यांची मर्यादा लिहिलेली असते. तीच चकती गार्ड काढून ११ हजार फेऱ्यांच्या पाच इंची मशीनवर चढवली, की कडेचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे जातो. एवढा ताण सोसायला ती बनवलेलीच नसते. ती फुटली तर तुकडे कापणाऱ्याच्या दिशेनेही येतात, आणि मध्ये असायला हवे ते गार्ड तर खोक्यात पडलेले असते.

चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्षही छापलेले असते. ती मुदत आहे, हे विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. चकतीतले कण राळेने बांधलेले असतात आणि दमट हवेत ही राळ कमकुवत होते. कोकणातल्या पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेल्या चकत्यांबद्दल वेगळे सांगायला नको. दुसरी गल्लत मिलिमीटरभर जाडीच्या कापायच्या चकतीने घासण्याची. ही चकती कडेवर येणारा जोर सोसते, बाजूने दाबली तर तडकते. घासायची चकती जवळपास सहापट जाड असते, ती त्याचसाठी.

मशीन ‘उसळते’ म्हणजे काय होते?

दोन स्टुलांवर आडवा ठेवलेला पाइप किंवा फळी मधोमध कापली, की वजनाने मधला भाग खाली झुकतो. त्यामुळे कापलेली फट मिटू लागते आणि फिरती चकती त्यात चिमटली जाते. चकती अडते, पण मोटारीतला जोर कुठेतरी जायलाच हवा, म्हणून पूर्ण मशीन उलट दिशेला फेकले जाते. माणसाच्या हाताला प्रतिसाद द्यायला साधारण एकपंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात चकतीचे ३५ हून जास्त फेरे झालेले असतात. ‘घट्ट धरले असते तर’ हा सल्ला म्हणूनच पोकळ आहे. खरा उपाय कापण्यापूर्वीचा आहे. फळीला कापाच्या दोन्ही अंगांना जवळून आधार द्यायचा किंवा सुटणारा तुकडा मोकळा खाली पडेल असे बघायचे, मूठ लावायची आणि चकतीच्या रेषेत उभे राहायचे नाही.

लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरवर चढवणे हा याचा सर्वांत वाईट प्रकार. प्रत्येक दाता लाकडात अडकू पाहतो आणि मशीनचे वेग-वजन त्यासाठी बेतलेले नसते.

सुतारकामात याहून रुळलेली एक युक्ती आहे. मार्बल कटर उलटा करायचा, प्लायला फट पाडून खालून स्क्रूने बसवायचा, स्विच कायमचा चालू ठेवायचा आणि बोर्डावरच्या बटणाने मशीन सुरू करायचे. दोन-तीन हजारांच्या मशीनचा ‘टेबल सॉ’ तयार होतो. युक्ती हुशारीची आहे, हे मान्यच करावे लागेल. पण त्यावर पात्याला झाकण नसते, कापलेले लाकूड वेगळे धरणारी पाचर नसते आणि हाताशी बंद करायचे बटणही नसते. शेवटचा वीतभर तुकडा बोटांनीच ढकलला जातो. तो ढकलायला प्लायची एक खाच पाडलेली पट्टी पुरते. ती तिथेच, भंगारात पडलेली असते.

लाइट परत येते तेव्हा

महाराष्ट्राला ओळखीचा असा एक अपघात परदेशी माहितीपुस्तिकांत फारसा ठळक नसतो. काम चालू असताना लाइट जाते. ग्राइंडरचा सरकवायचा स्विच पुढे ढकललेलाच राहतो. माणूस मशीन जमिनीवर ठेवतो, चहाला जातो किंवा ‘तेवढ्यात चकती बदलू’ म्हणून चावी लावतो. लाइट येते आणि मशीन आपोआप सुरू होते. लाइट परत आली तरी स्विच पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारी मशीन्स मिळतात, पण ती महाग असतात. फुकटचा उपाय एकच : चकतीला हात लावण्यापूर्वी पिन काढायची. मात्र ज्या वायरला पिनच नाही, दोन उघडी टोके काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचलेली आहेत, तिथे हेही होत नाही. अर्थिंगची तार तर केव्हाच कापून टाकलेली असते. ओल्या फरशीवर मार्बल कटरला पाण्याची धार सोडून काम चालते, तेव्हा त्या जोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे घरमालक सहसा विचारत नाही.

हातमोजे घातले की झाले, हीसुद्धा अर्धी समजूत. ड्रिल मशीनजवळ सुती, सैल मोजा धोक्याचा, कारण बिट तो पकडते आणि बोटासकट ओढते. गळ्यातला गमछा, ओढणी, लांब बाही यांचेही तसेच. डोळ्यांना मात्र चष्मा हवाच. लोखंडाचा बारीक कण बुबुळात रुतला तर तो थोड्याच वेळात गंजू लागतो. सहकाऱ्याने रुमालाच्या टोकाने किंवा काडीने तो काढणे हे साइटवरचे नेहमीचे दृश्य, आणि जखम खोल होण्याची नेहमीची वाटही.

घाई कुणाची?

ग्रिलचे काम किलोवर ठरते, फर्निचरचे चौरस फुटावर, भिंतीत वायरिंगची झिरी मारण्याचे बऱ्याचदा उक्ते. यापैकी कोणत्याच दरात गार्ड बसवायला, आधार लावायला, पिन काढून चकती बदलायला वेळ धरलेला नसतो. कारखान्यातल्या फिरत्या यंत्रांना आडोसा हवा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने सांगितले. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन माणसे किचन ओटा कापतात, तिथे निरीक्षक येत नाही. तिथला एकमेव देखरेख करणारा म्हणजे पैसे देणारा, आणि त्याचा प्रश्न एकच असतो : ‘दिवाळीच्या आत होईल ना?’ शंभर रुपयांच्या आत मिळणारा चष्मा त्यानेच आणून ठेवला, तर मिस्त्री रागावत नाहीत. ‘गार्ड लावूनच कापा, एक दिवस जास्त लागला तरी चालेल’ हे वाक्यही त्यानेच बोलायचे असते. मिस्त्रीने स्वतःहून तो दिवस मागितला तर काम दुसऱ्याकडे जाते.

बांधकाम कामगार म्हणून काम करणाऱ्यांची, वर्षभरात ९० दिवस काम झाले असल्यास, राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते आणि अपघातात त्यातून मदत मिळते. तो ९० दिवसांचा दाखला मात्र रोज नव्या घरी काम करणाऱ्याने कुणाकडून आणायचा, याचे उत्तर सोपे नाही.

बोट तुटलेच तर?

हळद, चुना किंवा कॉफी पावडर जखमेत भरू नये. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा आणि १०८ ला फोन करावा. तुटलेले बोट स्वच्छ, किंचित ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. थेट बर्फावर ठेवले तर पेशी मरतात आणि बोट जोडता येत नाही. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात होत नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. पिशवी जखमी माणसासोबतच, त्याच गाडीतून पाठवावी.