संघ गेला, चाहता तिथेच राहिला

२६ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या ओकलंड शहरात बेसबॉलचा एक सामना झाला. यजमान ॲथलेटिक्स संघाने टेक्सास रेंजर्सला ३-२ असे हरवले. खरे तर दोन्ही संघ विजेतेपदाच्या शर्यतीतून केव्हाच बाहेर पडले होते. निकालाला काडीचे महत्त्व नव्हते. तरीही कोलिझियम स्टेडियममध्ये ४६,८८९ लोक आले होते. सामना संपला, पण लोक जागेवरून उठेनात. म्हातारी माणसे रडत होती. कुणी मैदानातली मूठभर माती सोबत घेतली. कारण संघ त्या दिवशी जिंकला असला तरी ५७ हंगामांनंतर शहर सोडून चालला होता.

मी काही बेसबॉलचा जाणकार नाही. पण त्या दिवसाचे व्हिडिओ पाहिले आणि जनाजा निघून गेल्यावरही अंगणात बसून राहणारी माणसे आठवली. उठून जायचे कुठे, हेच त्यांना कळत नसते.

ओकलंड हे बंदराचे, कष्टकऱ्यांचे शहर. खाडीपलीकडचे सॅन फ्रान्सिस्को श्रीमंत आणि नावाजलेले, तर ओकलंड कायम त्याच्या सावलीत. ब्लॅक पँथर चळवळ १९६६ साली याच शहरात सुरू झाली आणि त्याच वर्षी कोलिझियम उघडले. तिथे दोन संघ खेळत. रेडर्स फुटबॉलचा आणि ॲथलेटिक्स बेसबॉलचा. हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा अमेरिकी. मैदान तेच, प्रेक्षकही बरेचसे तेच. हिवाळ्यात रेडर्सचा काळा-चंदेरी रंग, उन्हाळ्यात ॲथलेटिक्सचा हिरवा-पिवळा.

या शहरातल्या एका चाहत्याची कल्पना करा. १९६८ मध्ये ॲथलेटिक्स कॅन्सस सिटीहून ओकलंडला आले, तेव्हा तो दहा वर्षांचा. १९७२, ७३, ७४ अशी सलग तीन वर्षे त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढे रेडर्सनीही सुपर बोल जिंकला. तरुणपण असे मजेत गेले. मग १९८२ मध्ये रेडर्स लॉस एंजेलिसला निघून गेले. १९८९ मध्ये ॲथलेटिक्स सॅन फ्रान्सिस्कोच्याच जायंट्सविरुद्ध अंतिम मालिका खेळत असताना, तिसऱ्या सामन्याच्या तोंडावर मोठा भूकंप झाला. मालिका थांबली, पुन्हा सुरू झाली आणि ओकलंड जिंकले. १९९५ मध्ये रेडर्स परतले. त्यांच्यासाठी शहराने आणि काउंटीने कर्ज काढून स्टेडियममध्ये नवा उंच स्टँड बांधला. २०२० मध्ये रेडर्स पुन्हा गेले, या वेळी लास वेगासला. कर्ज मात्र मागे राहिले. मधल्या काळात, २०१९ मध्ये, बास्केटबॉलचे वॉरियर्सही खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. उरले होते फक्त ॲथलेटिक्स. ६६ व्या वर्षी या माणसाने त्यांनाही निरोप दिला.

या सगळ्यात बेवफा कोण होते? चाहता तर नक्कीच नव्हता.

मालकांची बाजू अगदीच खोटी आहे असे नाही. कोलिझियम खरोखर मोडकळीस आले होते. ड्रेनेजचे पाणी खेळाडूंच्या खोल्यांपर्यंत येत असे. प्रेक्षक घटले होते. नव्या स्टेडियमसाठी शहराशी वर्षानुवर्षे बोलणी चालली आणि फिसकटली. ‘लोकच येत नाहीत, मग आम्ही राहायचे कशासाठी?’ असा मालकांचा सवाल होता.

पण लोक का येत नव्हते? चांगले खेळाडू एकामागून एक इतर संघांना दिले गेले. जाण्याची भाषा रोज कानावर पडत होती. दुकानदाराने माल काढून घ्यायचा आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकान हलवायचे, असा हा प्रकार. याचे उत्तर चाहत्यांनी १३ जून २०२३ रोजी दिले. त्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. म्हणजे घरी बसायचे नाही, सगळ्यांनी यायचे. एरवी काही हजारांवर गर्दी न जमणाऱ्या स्टेडियमात २७,७५९ लोक आले. अंगात हिरवे टी-शर्ट, त्यावर एकच शब्द : ‘विका’. ढोल वाजत होते, ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा चालल्या होत्या. योगायोग असा, की त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने या संघाच्या वेगासमधील स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा देण्याचे विधेयक मंजूर केले. पाच महिन्यांनी बेसबॉलच्या तीसही मालकांनी स्थलांतराला एकमुखाने होकार दिला. तीस मते पडली. त्यात एकही मत ओकलंडच्या माणसाचे नव्हते.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. तिकीट विकताना, जर्सी विकताना सांगितले जाते की हा ‘तुमचा’ संघ आहे. स्टेडियमसाठी करदात्यांचा पैसा मागतानाही तेच सांगितले जाते. निर्णयाची वेळ आली की मात्र तो मालकाचा खासगी धंदा ठरतो. धंदाच असेल तर जनतेकडे हात पसरू नयेत. आणि जनतेचा असेल, तर जनतेला त्यात हक्क हवा. दोन्हीकडून फायदा घ्यायचा, हे चालणार नाही. ओकलंडने मालकाची प्रत्येक अट मान्य केली नाही, यात मला तरी त्या शहराची चूक दिसत नाही. शाळा, रस्ते, पोलीस यांचे पैसे देऊन विकत घेतलेली वफादारी किती दिवस टिकणार?

हे आदर्शवादी बोलणे आहे, असे कुणी म्हणेल. पण उदाहरणे अमेरिकेतच आहेत. ग्रीन बे हे सुमारे लाखभर वस्तीचे छोटे शहर. तिथला पॅकर्स हा फुटबॉल संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. आज पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. कुणालाही लाभांश मिळत नाही, तरी लोक शेअर घेतात आणि कौतुकाने भिंतीवर लावतात. त्या गावाला कुणी संघ हलवण्याची धमकी देऊ शकत नाही. फुटबॉलच्या लीगने अशा मालकीला नव्याने परवानगी देणे मात्र बंद केले आहे. का, ते वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण क्लीव्हलंडचे. १९९५ मध्ये तिथला ब्राऊन्स संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा झाली, तेव्हा शहर कोर्टात गेले. अखेर खेळाडू गेले, पण संघाचे नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडलाच राहिला. १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. किमान एवढे तरी प्रत्येक शहराला मिळायला हवे. आज ॲथलेटिक्स सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानात वेगासची वाट पाहत खेळतात. नावापुढे कोणत्याच शहराचे नाव लावत नाहीत. शहर सोडले, पण तिथला इतिहास सोबत नेला.

हे दूरदेशीचे दुखणे आहे असे समजू नका. पुण्याने आयपीएलचे दोन संघ आले तसे गेलेले पाहिले. बालेवाडीत एफसी पुणे सिटीसाठी घसा कोरडा करणारी पोरे होती. २०१९ मध्ये ती फ्रँचायझी हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये तिथून दिल्लीला. त्या पोरांना कुणी विचारले नाही, हैदराबादच्याही नाही. उलट कोल्हापुरात जा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस हे तालमींचे आणि पेठांचे संघ. शाहू स्टेडियमवरची त्यांची ईर्षा कधी कधी हद्द ओलांडते, हे खरे. पण पाटाकडील तालीम उद्या नागपूरला हलवली, अशी बातमी येऊच शकत नाही. पेठ कशी हलवणार?

ओकलंडचे लोक आता त्याच वाटेने निघाले आहेत. २०२४ मध्ये तिथे बॉलर्स नावाचा छोटा बेसबॉल संघ सुरू झाला. त्यात चाहत्यांनाही हिस्सा घेता आला. दुसऱ्याच वर्षी त्याने आपल्या लीगचे विजेतेपद पटकावले. लीग खालच्या दर्जाची आहे, मैदान म्हणजे एक बाग आहे आणि टीव्हीवर कुणी विचारत नाही. पण साठ वर्षे दुसऱ्याच्या संघाला आपला म्हणणाऱ्या माणसाला, आपल्याच संघाला आपला म्हणता येत असेल, तर लीगचा दर्जा कोण पाहतो?