रोगाने दिलेली मुदत

कर्करोगाविषयी बोलताना समाजात एक दैववादी भाषा रूढ झाली आहे. रोग ‘अचानक’ झाला, तो ‘नशिबात’ होता, कळले तेव्हा ‘फार उशीर’ झाला होता. या भाषेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाइतके खोटे पाडणारे उदाहरण क्वचितच सापडेल. हा रोग अचानक होत नाही. त्याचे कारण ज्ञात आहे, त्याचा मार्ग ज्ञात आहे, आणि तो मार्ग चालून येण्यास त्याला बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. असे असूनही २०२२ या एका वर्षात भारतातील सुमारे सव्वा लाख स्त्रियांना त्याने गाठले आणि ऐंशी हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. रोगाने दिलेली ही दीर्घ मुदत कोणी वाया घालवली, हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच राजकारणाचाही आहे.

रोगाचा मार्ग प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. गर्भाशयमुखाच्या बाहेरील आवरणाची चपटी पेशी आणि आतील आवरणाची उभट पेशी जेथे एकमेकींना भिडतात, तो पट्टा मोठा नाजूक असतो. शरीरसंबंधातून येणारा एक विषाणू तेथील बारीकशा ओरखड्यांतून आवरणाच्या तळाच्या थरात शिरतो. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ व १८ या क्रमांकांचे दोनच प्रकार या कर्करोगाच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत ठरतात. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो, तेथे त्याची दोन प्रथिने पेशीच्या दोन पहारेकऱ्यांना निकामी करतात. एक पहारेकरी पेशीला अवेळी दुभंगू देत नाही; दुसरा जनुकांतील बिघाड हेरून पेशीला थांबवतो किंवा मरू देतो. दोघेही गेले की बिघडलेली पेशी दुभंगत राहते आणि प्रत्येक पिढीत नवे बिघाड साठवीत जाते.

तरीही हा अजून कर्करोग नव्हे. या पेशी आवरणाच्या आतच असतात. त्यांच्याखाली एक पातळ पडदा असतो आणि आवरणात रक्तवाहिन्या नसतात. बाहेर जाण्यास त्यांना वाटच नसते. या अवस्थेत वर्षानुवर्षे जातात, वेदना नसते, आणि शीत उपचाराने तो भाग काही मिनिटांत नष्ट करता येतो. गर्भाशयाला धक्काही लागत नाही.

एके दिवशी काही पेशी तो पडदा विरघळवून खाली उतरतात, तेव्हा सारे पालटते. वाढत्या गाठीला अन्न-प्राणवायू हवा असतो. ती आसपासच्या रक्तवाहिन्यांना स्वतःकडे फाटे फोडायला लावते. रोग प्रथम शेजारी पसरतो. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या दाबल्या जातात, आणि अनेक स्त्रियांचा मृत्यू अखेर मूत्रपिंडे बंद पडून होतो. लसिकावाहिन्यांतून पेशी ओटीपोटातील गाठींत पोहोचतात, पुढे रक्तावाटे फुप्फुस, यकृत, हाडे यांत. रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात, हे येथे नोंदवले पाहिजे. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली बीज आणि माती यांची उपमा दिली होती: बी चहूकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या मातीतच. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही.

पडद्याच्या अलीकडे काही मिनिटांचा उपचार आणि पलीकडे मरणाची वाट, असा हा रोग आहे. म्हणूनच तपासणीला महत्त्व. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि लिआँची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटात विषाणूची चाचणी अवघी एकदा झाली, तेथे सुमारे चौतीस हजार स्त्रियांत या रोगाचे ३४ मृत्यू झाले. ज्या गटात तपासणी झालीच नाही, तेथील सुमारे एकतीस हजारांत ६४. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत याहून साधा प्रयोग झाला. १९९८ पासून दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखास सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचेच द्रावण, लावून पांढरा पडणारा भाग पाहिला. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. (उस्मानाबादेत हीच आम्लाची चाचणी एकदाच केली, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नव्हता, स्वस्त उपाय हवा तर तो नियमाने करावा लागतो.)

या अभ्यासांवर एक कठोर आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त आहे. उपाय ठाऊक असता तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीविना का ठेवले? उत्तर देण्यात आले की देशात रूढ असलेली सेवाच त्यांना मिळाली. ती रूढ सेवा म्हणजे शून्य. शासनव्यवस्थेवर याहून मोठा आरोप तिच्या विरोधकांनाही करता आला नसता.

त्यानंतर काय घडले? २०१६ साली केंद्र शासनाने तीस वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीही झालेल्यांचे प्रमाण १.९ टक्के निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरवलेले उद्दिष्ट सत्तर टक्क्यांचे आहे. लसीचा गाजावाजा होतो, आणि लस चांगलीच आहे; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली. परंतु ती किशोरींसाठी. ज्यांच्या शरीरात विषाणू आधीच घर करून बसला आहे, त्या मातांना तिचा उपयोग नाही.

शासनाने मोकळी सोडलेली जागा बाजाराने व्यापली. धाराशिवला लागूनच असलेल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, म्हणून बाई खाजगी दवाखान्यात गेली की ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे ऐकवले जाई. चाचणी नाही, पेशींची तपासणी नाही. ज्या पट्ट्यात एका चाचणीची किंमत साऱ्या जगाला पटवून दिली गेली, त्याच पट्ट्यात कर्करोगाचे भय विकले गेले आणि शस्त्रक्रियेचे पैसे उचलीत चढले. बीजकोशही काढले गेले असतील तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात. आणि त्याच हाडांवर मोळी वाहायची असते.

या स्त्रिया अडाणी होत्या म्हणून फसल्या, असे म्हणणे सोयीचे आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम दंड लावतो. पाळीचे दिवस ज्यांच्या लेखी दंडाचे दिवस ठरतात, त्यांना पिशवी ओझे वाटावी यात अज्ञान कमी आणि हिशेब अधिक आहे. अशा बाईला मोफत तपासणी शंभर कोसांवर ठेवून उपयोग नाही.

दसऱ्यानंतर टोळ्या गाव सोडतात. तेव्हा विषाणूची चाचणी भाद्रपदातच गावच्या उपकेंद्रात झाली पाहिजे, आणि दोष आढळल्यास शीत उपचार तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात टोळी निघण्यापूर्वी. निकाल उशिरा आला तर तो साखर कारखान्याच्या आवारातील कोप्यांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कारखान्याच्या आरोग्य विभागावर टाकावी लागेल. उपचाराचा दिवस खाडा धरला जाणार नाही, हे मुकादमांच्या करारातच लिहून घेण्यासाठी ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी येत्या हंगामापूर्वी कारखान्यांच्या संचालकांसमोर बसले पाहिजे.