उद्दिष्टाची दिशा बदलली तरी

ऑक्टोबर २०२४मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी जनतेला अधिक मुले होऊ द्या असे आवाहन केले. पुढच्याच महिन्यात तिथल्या विधानसभेने दोनपेक्षा जास्त अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक निवडणूक लढवण्यास मनाई करणारी, तीन दशकांची जुनी तरतूद काढून टाकली. त्याआधी जेमतेम पाच वर्षे, १५ ऑगस्ट २०१९ रोजी, पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून लोकसंख्येच्या विस्फोटाबद्दल चिंता व्यक्त केली होती आणि लहान कुटुंब ठेवणाऱ्यांना देशभक्त म्हटले होते. मोठ्या व्यासपीठांवर ही भाषणे असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेपर्यंत येईतो त्यांचा आकडा होतो, आणि तो आकडा आशाताईंच्या आणि आरोग्यसेविकेच्या नावापुढे लिहिला जातो.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट मांडतो. जोडप्याला किती मुले असावीत हे ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही. संख्या कमी करायची असो की वाढवायची, उत्तर बदलत नाही. आणि हे सर्वांत आधी बोलण्याची जबाबदारी आपली, आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांची, कारण सक्ती करायची ठरली की सरकारला हात लागतात ते आपलेच.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकण्याची गरज नसावी. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा ते बाईच्या आरोग्याविषयी आणि तिच्या सुखाविषयी बोलत होते. पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्याच मुंबईत विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. १९७६ साली असे विधेयक मंजूर करणारे आपले राज्य देशात पहिले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण कायद्यावाचून जे व्हायचे ते देशभर झालेच. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या जवळपास ६२ लाख पुरुषांवर. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने या मोहिमेशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद केली.

त्या वर्षाची किंमत अजून चुकवली जाते आहे आणि ती बायका चुकवत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आढळली. पुरुष नसबंदीवर विसंबलेल्या जोडप्यांचे प्रमाण होते ०.३ टक्के. बिनटाक्याची पुरुष नसबंदी ही स्थानिक भूल देऊन काही मिनिटांत होणारी, पोट न उघडता उरकणारी शस्त्रक्रिया आहे. वैद्यकीय तर्काने पाहिले तर तिचीच संख्या जास्त असायला हवी. ती नाही, याचे एक मोठे कारण आणीबाणीत पोलिसांच्या बंदोबस्तात भरलेली शिबिरे हे आहे. एका पिढीने धसका घेतला आणि तो पुढच्या पिढीला दिला. जी पद्धत आपण सक्तीने राबवतो ती लोकांच्या मनातून कायमची उतरते, हा धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत छापायला हवा.

सक्ती नेहमी पोलीस घेऊनच येते असेही नाही. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. शिबिरानंतर तेरा बायका गेल्या. त्या डॉक्टरांचा त्याआधी विक्रमी शस्त्रक्रियांबद्दल सरकारी सन्मान झालेला होता. १९९६मध्येच केंद्राने उद्दिष्टमुक्त धोरण जाहीर केले होते, २०००च्या लोकसंख्या धोरणातही स्वेच्छा आणि संमती यांचा उच्चार आहे. तरीही शिबिराची संख्या हेच कामाचे मोजमाप राहिले. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले, तेव्हा न्यायालयाला आपल्या व्यवसायाला सांगावे लागले याची खंत आम्हाला वाटली होती. आजही वाटते.

मग लोकसंख्येचा ताण खरा नाही का? खरा आहे. पाणी, शाळा, रोजगार, मुंबईतली घरे या प्रश्नांना संख्येची बाजू आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण कायदा करून ती संख्या किती हलेल, हे आपल्या क्षेत्रातल्या माणसाने तरी नीट मांडावे. सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत देशाचा एकूण प्रजनन दर २.० वर आला होता, महाराष्ट्राचा १.७ वर. एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा भरून काढते तो २.१ हा दर मागे पडला. तरी एकूण लोकसंख्या अजून काही दशके वाढत राहील, कारण आज जननक्षम वयात असलेल्यांची संख्याच मोठी आहे. उद्या सगळ्या देशात दोन अपत्यांचा कायदा केला तरी ही वाढ थांबणार नाही. ही मुले ज्या बाईला होणार ती जन्मून, वाढून, लग्न होऊन आपल्यासमोर बसलेली आहे. तिला पुरेशी माहिती, तिच्या सोयीचे साधन आणि सुरक्षित बाळंतपण देणे एवढेच आता हाती आहे. केरळने प्रजनन दर १९८०च्या दशकाअखेर २.१च्या पातळीवर आणला तो मुलींच्या शिक्षणातून आणि जन्मलेले मूल जगेल या भरवशातून. चीनमधली मोठी घसरणही १९७०च्या दशकातली, एक-अपत्य धोरणाच्या आधीची. ते दशकही सक्तीपासून मुक्त नव्हते, हे नोंदवायला हवे. पण धोरण पस्तीस वर्षे चालवल्यावर २०१६मध्ये दोन आणि २०२१मध्ये तीन मुलांना परवानगी द्यावी लागली, आणि जन्म तरीही घटतच राहिले.

महाराष्ट्रात दोन अपत्यांची अट पंचायतीच्या उमेदवाराला आहे आणि २००५पासून सरकारी नोकरीत शिरणाऱ्यालाही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. अभ्यासक निर्मला बुच यांनी पाच राज्यांतल्या अशा अटीचा अभ्यास केला तेव्हा अपात्र ठरलेल्यांत दलित, आदिवासी आणि स्त्रिया ठळकपणे दिसल्या. पद टिकवण्यासाठी गर्भपात, मूल दत्तक देणे, बायकोला टाकणे हेही दिसले. मध्य प्रदेश, हरियाणा, हिमाचल आणि छत्तीसगडने ही अट पूर्वीच काढली. आपल्याकडे मुलगा हवाच ही ओढ आणि दोनच हवीत ही अट एकाच घरात भेटतात, आणि त्यांची गाठ सोनोग्राफीच्या खोलीत पडते. राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१मध्ये ९४६ होत्या, २०११मध्ये ८९४. या घसरणीचा सगळा दोष अटीवर टाकता येणार नाही, ती तर बरीच नंतर आली. पण उतारावर असलेल्या गाडीला मागून धक्का देण्याचे कारण काय? ही अट महाराष्ट्राने काढावी, अशी आमची मागणी आहे.

आता वारे उलट दिशेने वाहू लागले आहे, आणि यात आनंद मानणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही रुमानियाकडे पाहायला सांगू. १९६६च्या ऑक्टोबरात चाउशेस्कू सरकारने गर्भपातावर बंदी घातली, गर्भनिरोधके मिळेनाशी झाली. पुढच्या वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले. काही वर्षांत लोकांनी वाटा शोधल्या आणि दर पुन्हा उतरला. उरला तो असुरक्षित गर्भपात. स्त्रीरोगतज्ज्ञांवर पाळत आली, कारखान्यांत बायकांची गरोदरपणाची तपासणी होऊ लागली, आणि माता मृत्यूचे प्रमाण युरोपात सर्वाधिक झाले. डिसेंबर १९८९मध्ये बंदी उठताच वर्षभरात ते जवळपास निम्म्यावर आले. औषध तेच, डॉक्टर तेच; फक्त एक हुकूम हटला होता.

तेव्हा उद्या कुणी तोंडी सूचना दिली की तांबीचा आग्रह जरा कमी करा, किंवा तिसऱ्या मुलाआधी ऑपरेशन टाळा, तर ती मोडून काढायची तयारी आजपासून हवी. ही तयारी रोजच्या कामातच आहे. ऑपरेशनची किंवा प्रसूतीनंतरच्या तांबीची संमती गरोदरपणाच्या तपासण्यांमध्ये, दोन-तीन भेटींत बोलून घ्यावी. कळा देणाऱ्या बाईपुढे कागद धरू नये. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन देण्याआधी पाळी अनियमित होऊ शकते, काही महिने बंदही होऊ शकते, हे सांगावे. न सांगितल्यामुळे घाबरलेली बाई दुसऱ्या मात्रेला येत नाही आणि आपण तिच्या नावापुढे ‘पाठपुरावा नाही’ असे लिहितो. तांबी काढून मागणाऱ्या बाईला नवऱ्याला घेऊन ये असे सांगून परत पाठवू नये. पुरुषांशी बोलायला पुरुष आरोग्यसेवकाची भेट वेगळी ठेवावी. आणि मासिक सभेत किती ऑपरेशन झाली या रकान्याशेजारी आणखी एक रकाना मागावा: किती जणींना हवी ती पद्धत मिळाली, आणि किती जणींनी विचार करून नको म्हटले.