मुदत पोलादी, सर्व्हर मेणाचा!

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी पाचच्या सुमारास 'क्लाउडफ्लेअर' या अमेरिकी कंपनीचे जाळे कोसळले आणि एक्स, चॅटजीपीटी यांच्यासह जगभरातील असंख्य संकेतस्थळे एकाएकी बंद पडली. कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क म्हणतात ते हेच: संकेतस्थळाच्या प्रती शहरोशहरीच्या यंत्रांवर ठेवायच्या, मागणाऱ्याला जवळच्या यंत्रावरून पुरवायच्या आणि हल्लेखोराला वेशीवरच अडवायचे. बॉट, म्हणजे संकेतस्थळांवर फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम, ओळखणाऱ्या प्रणालीची एक फाइल दुपटीने फुगली, मर्यादेबाहेर गेली आणि तेवढ्याने हा सारा डोलारा ढासळला. रात्री आठपर्यंत बहुतेक व्यवहार पूर्ववत झाले. त्याच दिवशी कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी कोठे, केव्हा, काय बिघडले याचा तपशीलवार हिशेब जगापुढे मांडला आणि क्षमा मागितली. ८ जून २०२१ रोजी याच धंद्यातल्या 'फास्टली' कंपनीचे जाळे पडले, तेव्हा तिनेही त्याच दिवशी स्वतःच्या सॉफ्टवेअरमधला दोष कबूल केला. नफ्यासाठी चालणाऱ्या परक्या कंपन्यांना एवढी लाज आहे. आमच्या सरकारला ती नाही!

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला 'सर्व्हर डाऊन' या शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. २०१७ च्या जुलैअखेर पीकविम्याचे पोर्टल बसले, बँकांसमोर रांगा लागल्या आणि शेवटी मुदत ऑगस्टात ढकलावी लागली. त्याच वर्षी कर्जमाफी जाहीर झाली ३४ हजार कोटींची आणि अर्ज मात्र ऑनलाइनच भरा, असा हुकूम सुटला. मुदत १५ सप्टेंबरची २२ सप्टेंबर झाली. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला, पुन्हा सर्व्हर बसला, पुन्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टवर गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रेशन दुकानांतील ई-पॉस यंत्रांनी मान टाकली. २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीसाठी ओटीपी येईना. खाते बदलले, मंत्री बदलले, योजनांची नावे बदलली. सर्व्हर पडायचा थांबला नाही.

जिंतूर, गंगाखेड, पालम, सोनपेठ, कोणत्याही तालुक्यातील सेवा केंद्रात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन पाहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन माणसे सकाळपासून बसलेली. पडद्यावर गोल चक्र फिरते आहे. अर्ज अर्ध्यावर आला की पान पांढरे पडते आणि पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात. केंद्रचालक पोरगा म्हणतो, "काका, सर्व्हर डाऊन आहे, रात्री दोननंतर बघतो." काकांचा खाडा पडतो, एसटीचे भाडे जाते, कोळपणी राहते आणि छातीवर मुदतीचा धोंडा तसाच राहतो. हे भाडे कोणी भरून दिले आहे?

सांगितले जाते की गर्दी वाढली म्हणून यंत्रणेवर ताण आला. ही सबब निलाजरी आहे. ही गर्दी काही आकाशातून कोसळत नाही. योजना सरकारची, तारीख सरकारची, पात्र लाभार्थ्यांचा आकडा सरकारच्याच दप्तरात. २०२३ च्या खरिपात राज्यभरातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले; पुढच्या वर्षीही तितकेच येणार हे शेंबडे पोरही सांगेल. शिवाय कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क भाड्याने घेतले की काम फत्ते, हा समजही खोटा आहे. त्या जाळ्याने पानाची प्रत जवळ येते. पण अर्ज अखेर मध्यवर्ती संगणकावरच नोंदवावा लागतो, आणि त्याच वेळी आधारची पडताळणी, भूमी अभिलेखाची जुळणी, बँक खात्याची खातरजमा अशा साऱ्या कड्या टिकाव्या लागतात. यातली एक कडी तुटली की अर्ज बुडाला. या प्रत्येक कडीवर आधी भार टाकून तिची परीक्षा घेणे, तुटलीच तर अर्ज रांगेत जपून ठेवणे, हे या शास्त्राचे प्राथमिक धडे आहेत. ते न गिरवताच डिजिटल महाराष्ट्राचे ढोल बडवले गेले.

आणि क्रौर्य तर पुढेच आहे. १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी परभणी जिल्ह्यावर अतिवृष्टी कोसळली, सोयाबीन-कापूस पाण्याखाली गेले. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, वावरात गुडघाभर चिखल. अशा वेळी पीकविम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली पाहिजे, असा नियम त्या शेतकऱ्याच्या मानेवर होता. शेतकऱ्याचे घड्याळ क्षणभर थांबत नाही, पण सरकारचा सर्व्हर तासन्‌तास थांबला तरी त्याचा जाब कोणी विचारायचा नाही! २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद केली. सर्व्हर पुढे केला की तो दंड नेमका कोणाला करायचा? ज्याचा अर्ज नाकारला त्याला निदान अपील असते. ज्याचा अर्ज भरलाच गेला नाही, त्याचा कागदावर मागमूसही राहत नाही. राज्यकर्त्यांना बंद सर्व्हर का खुपत नाही, याचे उत्तर येथे आहे. बिघाडाची नोंद नसली की जबाबदारी नसते, आणि मुदत वाढवली की उपकार केल्याची जाहिरात करता येते. पीकविम्याच्या याच पोर्टलवर २०२४ च्या खरिपात लाखो बोगस अर्ज बिनबोभाट चढले, हे सरकारने स्वतः कबूल केले आहे. खऱ्या शेतकऱ्याला दार बंद आणि भामट्यांना सताड उघडे, अशी ही यंत्रणा आहे.

म्हणून आमची मागणी दयेची नाही, हक्काची आहे. प्रत्येक शासकीय पोर्टल किती तास बंद होते आणि का, हे त्याच दिवशी जाहीर करा. जितके तास ते बंद, तितकी मुदत मंत्र्याच्या घोषणेवाचून आपोआप वाढली पाहिजे. आणि सर्व्हर बंद असताना तलाठ्याने किंवा कृषी सहायकाने घेतलेला कागदी अर्ज, त्यावरच्या सहीशिक्क्याच्या तारखेनिशी, ग्राह्य धरलाच पाहिजे. २०१७ मध्ये नाक दाबल्यावर बँकांत कागदी अर्ज घेतले गेलेच होते; ते तेव्हा चालले, तर आजही चालतील. हे होईपर्यंत परभणीच्या एकाही शेतकऱ्याला 'तुमची मुदत संपली' असे सांगण्याचा अधिकार या सरकारला नाही.